धुरकट काळी बियर: कोकणच्या उकाड्यात चाखायची कशी

धुराची बियर, म्हणजे धुरात वाळवलेल्या माल्टची (मोड आणलेल्या जवाची) बियर, समोर आली की बहुतेक जण पहिल्या घोटालाच निकाल देऊन मोकळे होतात. कोणी "हे काय, करपलंय!" म्हणून ग्लास बाजूला सारतो, कोणी "वा, काय स्मोकी आहे!" म्हणून ती डोक्यावर घेतो. दोन्हींत बियर चाखायची राहूनच जाते. धूर हा दांडगा वास. तो उत्तम माल्टवर बसतो तसा बिघडलेल्या बियरवरही बसतो आणि वरवर बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच लागतात. म्हणून अशी बियर चाखताना धुराच्या खाली काय चाललंय ते बघायचं. त्यातून ब्रुअरी गोवा, पुणे, बंगळूर अशा गरम मुलखातली असेल आणि बाटली आपल्या किनाऱ्यावरच्या घामट हवेत उघडायची असेल, तर जास्तच लक्ष द्यावं लागतं. उष्णतेने बियरमध्ये जे बिघडतं, त्यातलं बरंचसं धूर बेमालूम झाकतो.

गरम प्रदेशात काळी बियर चालत नाही, हा समज आधी काढून टाका. श्रीलंकेची लायन स्टाऊट, जमैकाची ड्रॅगन स्टाऊट ही नावं जगभर माहीत आहेत, आणि नायजेरियात तर गिनेसने १९६०च्या दशकातच स्वतःची ब्रुअरी काढली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी इंग्लंडहून मुंबईला पोर्टर या काळ्या बियरची पिंपंच्या पिंपं उतरायची. उकाड्यात काळी बियर पिता येते, फक्त ती सांभाळावी लागते.

धूर वेगळा, भाजणं वेगळं

बियरचा पाया म्हणजे माल्ट, मोड आणून वाळवलेलं जव. वाळवताना खाली लाकडाची आग असली की धूर दाण्यात मुरतो. सतराव्या शतकात इंग्लंडात कोकवर माल्ट सुकवायला लागले, त्याआधी लाकडावर सुकवलेलं माल्ट कमीअधिक धुरकटच असायचं. जर्मनीतल्या बांबर्ग शहराने ती चव सोडली नाही. तिथल्या श्लेंकेर्ला या जुन्या पबची ब्रुअरी आजही बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर स्वतःचं माल्ट धुरावते. त्या जागेचा पहिला उल्लेख १४०५ सालचा आहे. त्याच गावातली वायरमान ही १८७९ सालची माल्ट कंपनी बीचच्या धुराचं माल्ट देशोदेशी विकते. अलास्कातल्या एका ब्रुअरीने १९८८ साली मासे धुरावायच्या भट्टीत आल्डरच्या लाकडावर माल्ट धुरावून पोर्टर काढली, आणि ती पुढे नावाजली.

काळा रंग मात्र धुरातून येत नाही. तो येतो चॉकलेट माल्ट, ब्लॅक माल्ट यांसारख्या खरपूस भाजलेल्या दाण्यांतून. फिरत्या पिंपात माल्ट काळंभोर भाजायची युक्ती डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने १८१७ साली पेटंट केली, आणि पोर्टरला आजचा रंग मिळाला.

म्हणजे ग्लासात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: भाजल्याचा वास आणि धुराचा वास. नवखा माणूस दोन्हींना 'जळकं' म्हणतो. हे वेगळं करायला घरच्या घरी एक सराव करा. एका वाटीत चिकोरी नसलेली कॉफी पूड घ्या. दुसऱ्या वाटीत निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवा. आळीपाळीने हुंगा. पहिल्यात भाजणं आहे, दुसऱ्यात धूर. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं तयार होतात, आणि धुरावलेल्या मासळीत व धुरावलेल्या माल्टमध्ये धुराचा वास मुख्यतः त्यांचाच असतो. त्यामुळे कोकणातल्या नाकाला या बियरची निम्मी ओळख आधीच असते. चुलीवरच्या माळ्यात ज्यांनी लहानपण काढलं, त्यांना बांबर्गला जायची गरज नाही.

पीटचा धूर हा आणखी तिसरा प्रकार. स्कॉटलंडात दलदलीतला पीट (कुजलेल्या वनस्पतींचा मातीसारखा थर) जाळून व्हिस्कीचं जव सुकवतात. गोव्यात बनणाऱ्या पॉल जॉनची किंवा बंगळूरच्या अमृतची पीटेड व्हिस्की घेतली असेल, तर तो आयोडीनसारखा, औषधी वास आठवेल. काही ब्रुअर बियरमध्येही पीटेड माल्ट घालतात. लेबल नीट वाचा, कारण पीट असेल तर औषधी वास हेतुपुरस्सर आहे, आणि फक्त बीच असेल तर तोच वास दोष ठरू शकतो.

विकत घेताना आणि घरी आणताना

ब्रुअरीवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, या तिन्हींत बियर साधारण सारखीच म्हातारी होते. आता मे महिन्यातल्या चिपळूण-कणकवलीच्या बियर शॉपीत भिंतीला लावून रचलेले खोके डोळ्यांपुढे आणा. तिथे आठवडाभर पडलेली बाटली कागदावर ताजी असली तरी चवीला वर्षाची झालेली असते. म्हणून तारीख बघा, पण तारखेवर विसंबू नका. फ्रिजमधलीच मागा. दुकानदार "आतली संपली, बाहेरची घ्या, बर्फ टाकून देतो" म्हणाला, तर दुसरं काहीतरी घ्या.

कॅन मिळत असेल तर कॅन घ्या, प्रकाशाचा प्रश्नच मिटतो. बाटली असेल तर तपकिरी. हिरव्या वा पांढऱ्या काचेतून उन्हाचा, ट्यूबलाइटचा उजेड शिरला की हॉप्समधल्या (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू द्रव्याचं गंधकयुक्त संयुग होतं आणि उग्र, कुबट वास सुटतो. मायक्रोब्रुअरीतून ग्राउलर (घट्ट झाकणाची मोठी बाटली) भरून आणलात तर तो दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायचा आणि वाटेत बर्फातच ठेवायचा. मासळीचा थर्माकोलचा खोका त्यासाठी वापरू नका, कितीही धुतलात तरी. सुरमईचा वास झाकणाच्या रबरात उतरतो आणि मग तुम्ही ग्लासात धूर शोधत बसता.

कायद्याचंही इथेच सांगतो. महाराष्ट्रात सौम्य बियर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकी मद्यासाठी २५, आणि परवानाही लागतो. गोव्यात वयाची अट १८ची आहे, पण गोव्यातली बाटली परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते, आणि "साहेब, चाखायला एकच आणलीय" हे तिथे चालत नाही. गोव्याची बियर गोव्यात चाखा. घाटातून गाडी चालवायची असेल, तर चाखणं मुक्कामाला पोचल्यावर.

जागा आणि ग्लास

धुराची बियर धुरात चाखता येत नाही. संध्याकाळी पडवीत बसायचं म्हणजे आधी डासांसाठी कॉइल पेटतं, देवघरात अगरबत्ती लागते, शेजारी कोणी पातेरा जाळत असतो. यातलं एकही चालू असेल तर बियरमधला धूर कुठे संपतो आणि हवेतला कुठे सुरू होतो ते कळणार नाही. पंखा लावा, जाळीच्या आत बसा, कॉइल विझवा. अत्तर, ओडोमॉस, हाताला लागलेला मासळीचा वास, सगळं आधी धुऊन टाका.

ग्लास महागडा नको, वाइनचा तोंडाशी किंचित निमुळता होणारा साधा ग्लास पुरे. तो स्वच्छ मात्र हवा, आणि आपल्या स्वयंपाकघरात खरी अडचण तीच. खोबरेल आणि तळलेल्या मासळीचं तेल ज्या घासणीने निघतं, त्याच घासणीने ग्लास घासला तर त्यावर तेलाचा न दिसणारा थर राहतो, आणि तेल लागलं की बियरचा फेस बसलाच. तपासायची सोपी रीत: ग्लास आतून ओला करा आणि चिमूटभर बारीक मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटलं नाही तिथे तेल आहे. नव्या घासणीने पुन्हा घासा आणि उपडा ठेवून वाळवा, फडक्याने पुसू नका.

आणखी एक. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते. त्या पाण्याने शेवटचा हात देऊन ग्लास ओलाच वापरलात तर क्लोरीन थेट बियरला लागतं. उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याने एकदा विसळून घ्या. याचं कारण पुढे येईल.

गारवा किती

आपल्याकडे बियर म्हणजे 'चिल्ड', दात वाजले पाहिजेत. नेहमीच्या फिकट लागर बियरला ते ठीक. काळ्या धुरकट बियरला चार अंशांवर जीभ बधिर होते, माल्टची गोडी झोपते, आणि वर उरतो तो नुसता कडवटपणा आणि धूर. ही बियर १० ते १३ अंशांवर उलगडते. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा. दमट हवेत याहून लवकरही होतं, कारण बाटलीवर जे पाणी धरतं ते धरताना आपली उष्णता बाटलीला देऊन जातं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर ग्लास हाताला गार लागावा, पण घोटाने दात शिवशिवू नयेत, एवढी खूण पुरे.

ग्लासात बर्फ टाकू नका. हे सांगायला लागू नये, पण परमिट रूममध्ये टाकताना पाहिलंय.

चाखायचा क्रम

तिखट जेवणानंतर हे करू नका, पान-तंबाखूनंतर तर नकोच. जेवणाआधी, कोमट पाण्याने चूळ भरून बसा. एका माणसाला ७०-८० मिलिलीटर पुरते. एक कॅन चौघांत वाटलात तर गप्पाही होतात आणि मतं पडताळताही येतात.

ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा म्हणजे बोटभर फेस येईल. बाटलीच्या तळाशी गाळ असेल तर शेवटचा थोडा भाग बाटलीतच राहू द्या. मग रंग बघा. नुसतं समोर धरलं तर काळंच दिसेल, म्हणून ग्लास आडवा करून कडेच्या पातळ भागातून उजेड बघा. चांगल्या पोर्टरची कड रातांब्याच्या पिकलेल्या सालीसारखी लालसर तपकिरी दिसते. फेस कॉफीच्या रंगाचा आणि बारीक बुडबुड्यांचा असावा. ग्लास स्वच्छ असूनही फेस मिनिटभरात नाहीसा झाला, तर बियर जुनी असल्याची शंका मनात ठेवा.

वास घ्यायचा तो टप्प्याटप्प्याने. आधी ग्लास हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावरून नुसता नेऊन आणा. या अंतरावर फक्त धूर येईल, आणि तो कसा आहे ते इथेच ठरवा: गोडसर मांसल आहे, लाकडी आहे की ओल्या राखेचा? आता ग्लास नाकाजवळ आणून दोन-तीन छोटे हुंगे घ्या आणि थांबा. इथे घाई केलीत की डाव फसला. नाक धुराला फार लवकर सरावतं. चार-पाच हुंग्यांत धूर 'कमी' वाटायला लागतो, पण बियर तीच असते, नाक थकलेलं असतं. अशा वेळी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा, घामाचा नव्हे, स्वच्छ धुतलेल्या त्वचेचा वास घ्या. नाक मूळपदावर येतं.

या सरावण्याचा फायदाही करून घेता येतो. जाणूनबुजून धुराने नाक थकवा, मग ग्लासावर बशी झाकून जरा घोळवा, बशी काढा आणि लगेच हुंगा. धूर मागे सरल्यामुळे आता खालचे वास पुढे येतात: चॉकलेट, काकवी, मनुका, भाजलेली पावाची कड. आणि दोष असतील तर तेही. ही युक्ती धुरकट बियरलाच लागू पडते, साध्या पोर्टरला तिची गरज नसते.

पहिला घोट धरू नका. तो तोंड तयार करतो. श्लेंकेर्लाच्या पबमध्येही नवख्याला पहिल्या घोटावर मत बनवू नकोस असंच सांगतात. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, तोंड मिटूनच ठेवा आणि नाकाने श्वास सोडा. धुराचा खरा आकार या सोडलेल्या श्वासात कळतो. आता क्रम लक्षात घ्या: आधी काय आलं, मध्ये काय, शेवटी काय राहिलं? बांधीव बियरमध्ये आधी माल्टची गोडी लागते, मग भाजल्याची कडवट खरपूस चव येते, आणि धूर शेवटी हळूहळू उठून थोडा वेळ रेंगाळतो. धूर पहिल्या क्षणीच अंगावर आला आणि मागे पोकळी राहिली, तर माल्टचा पाया कच्चा आहे असं समजा.

मालवणात एका आजींना एका घोटापुरती दिली होती. त्या म्हणाल्या, "ह्येका धुराचो वास येता, पण मागसून गूळ लागता." चाखण्याची नोंद याहून नेमकी मी तरी वाचलेली नाही. आधी काय, मागून काय, दोन्ही त्यात आहे.

धुराच्या आडचे दोष

आता मुख्य भाग. ग्लासात थोडी बियर राखून ठेवा आणि ती अर्धा तास तशीच राहू द्या. ती २० अंशांच्या वर गेली की पिण्याची मजा संपते, पण तपासणीची सुरू होते. गारव्यात लपलेलं सगळं आता बाहेर येतं.

*दवाखान्याचा वास.* बँडेज, डेटॉल, नव्या प्लॅस्टरची पट्टी. धुरातली फिनॉल्स (वरचं ग्वायकॉल त्यांतलंच) आणि पाण्यातलं क्लोरीन जुळून क्लोरोफिनॉल होतं, आणि ते अगदी कणभर असलं तरी नाकाला लागतं. चांगली ब्रुअरी पाण्यातलं क्लोरीन कार्बन फिल्टरने काढून टाकते. पण दोष ब्रुअरीच्या माथी मारण्याआधी तो टीसीएलच्या पाण्याने विसळलेला ग्लास आठवा, आणि दुसऱ्या, खात्रीच्या ग्लासात पुन्हा ओतून बघा. वास तसाच राहिला तर ब्रुअरीचा.

*लवंग.* धुराशी हा वास सहज मिसळतो म्हणून निसटतो. गव्हाच्या जर्मन बियरमध्ये तो हवा असतो, पोर्टरमध्ये नको. बहुतेकदा रानटी यीस्ट शिरल्याची ही खूण.

*थिनर, नेलपॉलिश आणि घशाला चटका.* गरम मुलखातल्या ब्रुअरीचा हा खास धोका. यीस्ट आंबवताना स्वतःच उष्णता सोडतं. पोर्टरची टाकी १८ ते २० अंशांना धरायची असते, आणि त्यासाठी टाकीभोवती गार द्रावण सतत फिरवावं लागतं. वीज गेली, जनरेटर उशिरा लागला, टाकी तापली की यीस्ट उधळतं आणि जड अल्कोहोलं, एस्टरं सोडतं. धूर वरून इतका जड असतो की "कडक आहे" म्हणून आपण ते सोडून देतो. कडक आणि चरचरीत यांतला फरक असा: साडेसहा-सात टक्के अल्कोहोल छातीत ऊब देतं, चटका घशाला लागतो.

*लोणी.* डायअसिटाइल. जिभेवर गुळगुळीत थर आणि सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास. काळ्या बियरमध्ये अगदी पुसट असेल तर मी नाक मुरडत नाही, काही लोक मुरडतात.

*ओला पुठ्ठा आणि सोया सॉस.* उष्णतेत पडून राहिलेल्या बियरची लक्षणं. फिकट बियर पुठ्ठ्यासारखी होते. काळी आधी मनुकांकडे झुकते, आणि ते काही काळ बरंही लागतं, मग ती सोया सॉसकडे घसरते. यात ब्रुअरीचा दोष क्वचितच, वाटेतल्या टेम्पोचा आणि दुकानाचा जास्त.

*आंबट.* भाजलेल्या माल्टला स्वतःचा किंचित आंबटपणा असतो, कॉफीला असतो तेवढा. त्यापलीकडे जाऊन दुपारी उन्हात राहिलेल्या माडीचा वास आला तर जिवाणू शिरलेत. किनाऱ्यावरच्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही.

*राखट तुरटपणा.* गिळल्यावर जिभेवर कोरडी राख बसल्यासारखं वाटतं. इथे पाण्याचा हात असतो. काळं माल्ट पाण्याची आम्लता वाढवतं. लंडन-डब्लिनच्या क्षारयुक्त पाण्यात ते सामावतं, म्हणून तिथे काळ्या बियर रुजल्या. आपल्या जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ असतं, त्यात ब्रुअरने क्षार घातले नाहीत तर चव टोकदार आणि राखट होते. त्यावर धूर चढला की ती राख आगीची आहे असं वाटतं आणि ब्रुअर सुटतो.

सोबत काय

पहिली सूचना: धुराला धूर देऊ नका. भाजलेला सुका बांगडा सोबत घेतला तर बियरमधला धूर दिसेनासा होतो आणि फक्त कडवटपणा उरतो. त्याला एक अपवाद रायगडची पोपटी. भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा गोडसर असतात, मडक्याचा धूर हलका असतो, आणि हिवाळ्यात रात्री हवाही साथ देते.

गोडसर चवीचे पदार्थ सर्वांत जुळतात: ओल्या काजूची कमी तिखटाची उसळ, लसणावर परतलेली कोळंबी, खोबरं घातलेलं कोंबडीचं सुकं. हॉप्सच्या कडवटपणाने तिखट जास्त झोंबतं, म्हणून मालवणी मसाल्याचा हात आखडता घ्या. सोलकढी माझी लाडकी, पण या बियरसोबत नाही. रातांब्याची आंबटाई आणि भाजलेल्या माल्टची आंबटाई एकमेकींना डिवचतात. घोटांच्या मध्ये साधं पाणी आणि कोरडा पाव. शेवटी मालवणी खाजं काढा. त्यातला गूळ माल्टला धरतो, आलं धुराला कापतं. चॉकलेट केकची शिफारस सगळीकडे होते, मला खाजं उजवं वाटतं.

चाखताना लिहून ठेवा, आणि आपल्या नाकाच्या शब्दांत लिहा. परदेशी नोंदींमधलं 'बेकन' ज्याने कधी खाल्लं नाही त्याने ते लिहिण्यात अर्थ नाही. ऐनाचं सरपण, करपलेली पेज, भाजलेल्या काजूची साल, माळ्यावरचं खोबरं हे शब्द तुम्हाला सहा महिन्यांनीही तीच चव परत दाखवतील. सोबत तापमान आणि बियर कुठे ठेवली होती तेही लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तीच बियर वेगळी लागली तर कारण सापडणार नाही.

उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यात हशील नाही. कपभर उरलीच तर मटणाच्या सुक्यात कांदा लाल झाल्यावर घाला आणि झाकण न ठेवता आटवा, मग मसाला. वाटीपेक्षा जास्त घातलीत तर रस्सा कडू होतो. झालाच, तर सुपारीएवढा गूळ टाका.